जुन्याकडे परतण्यापूर्वी

(मंडळाच्या यंदाच्या सभासद मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या मेळाव्यात कोणी मधुमेहावर बोलतो, कोणी मृत्युपत्रावर. यंदा कार्यकारिणीने आम्हाला उभे केले आहे आणि त्याला कारण आहे मंडळाच्या खोलीतला संगणक. काही महिने तो सुरू केला की पडद्यावर एक सूचना येत होती. विंडोज १० ची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपणार, तरी पुढची तयारी करा. आपल्या चिटणीसांनी ती सूचना दोनदा मिटवली आणि तिसऱ्यांदा आम्हाला फोन केला. त्याच आठवड्यात आणखी तिघांचे फोन आले. एका वहिनींचा मुलगा पुण्याहून चार दिवस आला होता. जाता जाता त्याने आईच्या लॅपटॉपवर विंडोज ११ घालून दिले. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, माझं सगळं होतं तिथून हललंय. आधीचं परत घालून द्याल का?"

सरकारी कचेरीत संगणकाचे काम पाहतो म्हणून असे प्रश्न आमच्याकडे येतात. "हो, देतो" किंवा "आता ते जमणार नाही" असे एका वाक्यात सांगून मोकळे होता आले असते. पण विचार केला, हा प्रश्न आज घरोघरी आहे, तर एकदा सगळ्यांसमोरच बोलू.

पहिली गोष्ट ही, की "जुनंच परत घाला" म्हणणारा माणूस अडाणी नसतो. आपल्या स्वयंपाकघरात कोणी पाहुण्याने उत्साहाने डबे नव्याने लावून ठेवले तर काय होते? हळद कुठे हे आपल्याला डोळ्यांना विचारावे लागत नाही, ते हाताला ठाऊक असते. संगणकाचेही तेच आहे. आमच्या कचेरीतले जुने लिपिक कागदाकडे बघत बघत पत्र काढत असत. हात आपोआप छपाईच्या खुणेवर जायचा. ती खूण दोन इंच सरकली की माणसाची वीस वर्षांची कसब एका सकाळीत शून्यावर येते. त्याला राग येतो, पण रागाच्या खाली लाज असते. कालपर्यंत इतरांना शिकवणारा आज मुलाच्या वयाच्या पोराला विचारतो, "बाबा रे, बंद कुठून करायचं?"

आणि परत फिरणारे नेहमी चुकीचेच ठरले असेही नाही. विंडोज एक्सपी २००१ च्या ऑक्टोबरात आले आणि लोकांच्या हातात चांगले बसले. २००७ साली व्हिस्टा आले. ते तेव्हाच्या यंत्रांना जड होते, पावलोपावली परवानगी विचारायचे, जुने प्रिंटर ओळखायचे नाही. जगभर लोकांनी नव्या यंत्रावर पुन्हा एक्सपी चढवून घेतले. २००९ मध्ये विंडोज ७ आले तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. पुढे २०१२ मध्ये विंडोज ८ मध्ये डाव्या कोपऱ्यातले स्टार्टचे बटणच काढून टाकले. इतकी ओरड झाली, की दुसऱ्याच वर्षी ८.१ मध्ये ते बटण परत आले आणि २०१५ च्या विंडोज १० मध्ये जुन्या वळणाची यादीही परत आली. थोडक्यात, वापरणाऱ्यांनी नाक मुरडले म्हणून कंपनीलाही दोन पावले मागे यावे लागले. तेव्हा वहिनींनी मुळीच ओशाळू नये.

मग अडचण कुठे आहे? ती समजण्यासाठी मुदत संपणे म्हणजे काय ते समजून घेऊ. १४ ऑक्टोबर २०२५ च्या सकाळी तुमचा संगणक बंद पडला नाही. तो तसाच सुरू होतो, पत्रे टाइप होतात, आरत्याही वाजतात. फक्त त्या दिवसानंतर त्याची नेहमीची डागडुजी थांबली. चोर घराच्या कडीकोयंड्यातल्या फटी शोधत असतात आणि कंपनी दर महिन्याला त्या बुजवत असते. बुजवणे थांबले तरी शोधणे थांबत नाही. उलट, आता इथे कोणी फिरकणार नाही हे चोरालाही कळते.

आपण बंदराच्या गावात राहतो, म्हणून बंदराचेच उदाहरण देतो. १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' नावाचा खंडणीखोर विषाणू दीडशे देशांत पसरला. इंग्लंडमधल्या इस्पितळांची कामे खोळंबली. ज्या फटीतून तो शिरला ती बुजवणारी दुरुस्ती कंपनीने दोन महिने आधी, मार्चमध्येच पाठवली होती. पुष्कळांनी ती बसवलीच नव्हती. पुढच्याच महिन्यात, २७ जूनला 'नॉटपेट्या' नावाचा दुसरा विषाणू आला. त्यानेही ती फट वापरली आणि तिच्या जोडीला इतर वाटाही. मर्स्क या जहाज कंपनीची जगभरची कामे त्याने ठप्प केली आणि तिच्याशी संबंधित असलेला आपल्या शेजारचा न्हावाशेव्याचा एक टर्मिनलही त्यात अडकला. कंटेनर कुठला, कोणाचा, कुठे ठेवायचा हे सांगणारा संगणकच गप्प झाला, की क्रेन आणि माणसे जागेवर असूनही काम पुढे जात नाही. मर्स्कला सुमारे ४ हजार सर्व्हर आणि ४५ हजार संगणक नव्याने उभे करावे लागले. बंदरात नोकरी केलेल्या आपल्या सभासदांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

म्हणजे धोका जुनेपणात नसून डागडुजी न होण्यात आहे. हा फरक लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल. एक्सपीची डागडुजी ८ एप्रिल २०१४ रोजी थांबली. तरीही अनेक बँकांची एटीएम यंत्रे त्याच्यावरच चालत राहिली. शेवटी जून २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने परिपत्रक काढून, जून २०१९ पर्यंत सगळी यंत्रे टप्प्याटप्प्याने बदला, असे बँकांना बजावले. जिथे नोटा ठेवतात तिथेही माणसे जुन्याला इतकी चिकटून असतात, मग आपली काय कथा!

आता आमचीच कथा सांगतो. कचेरीचे नाव सांगत नाही, कारण दोष कचेरीचा नव्हता, आमचा होता. २०१४ साली आमच्याकडे विंडोज ७ ची नवी यंत्रे आली. पहिल्याच दिवशी दोन गोष्टी अडल्या. खडखड आवाज करणारा जुना प्रिंटर नव्या यंत्राला जोडता येईना, कारण त्याची रुंद पिन लावायला जागाच नव्हती. दुसरे म्हणजे मराठी टंकलेखनाचा कार्यक्रम सुरू होईना. त्याला यंत्राच्या मागे एक छोटे कुलूप लावावे लागे, ज्याला आपण डोंगल म्हणतो. नवी यंत्रणा ते कुलूप ओळखायलाच तयार नव्हती. गोव्याच्या १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोंकणी राजभाषा आहे आणि मराठीचाही शासकीय कामात वापर करण्याची तरतूद आहे. म्हणजे देवनागरी अडली, की आमचे कामच अडले. टेबलावर कागद साचू लागले. लोक खिडकीपाशी उभे. आम्ही काय केले? दोन यंत्रांवरचे नवे काढले आणि एक्सपी परत चढवले. "तात्पुरते," असे म्हणालो. सरकारी कचेरीतले तात्पुरते किती टिकते ते तुम्ही जाणता. ते तीन वर्षे टिकले.

मग एके दिवशी कोणीतरी झेरॉक्सच्या दुकानातून पेनड्राइव्ह आणला आणि त्यातून विषाणू आला. सगळ्या फोल्डरांच्या जागी शॉर्टकट दिसू लागले. खरे म्हणजे फायली आत शाबूत होत्या, फक्त लपवलेल्या होत्या. पण दुरुस्तीला बोलावलेल्या माणसाने घाईत डिस्कच कोरी केली. कित्येक वर्षांचे मराठी मसुदे गेले. प्रत काढून ठेवलेली नव्हती. पुढचे दोन महिने आम्ही जुन्या कागदांवरून पुन्हा टाइप करत बसलो. तेव्हा कळले, की आम्ही परत गेलो ही चूक नव्हती. परत गेलो आणि तिथेच बसून राहिलो, ही चूक होती. मिळालेल्या सवडीत जे करायला हवे होते ते केले नाही.

काय करायला हवे होते? इथे मराठीचा प्रश्न येतो. इंग्रजीत काम करणाऱ्याला नवी यंत्रणा म्हणजे केवळ हाताची सवय बदलणे. मराठीत काम करणाऱ्याला ते तेवढ्यावर भागत नाही. पूर्वी आपण श्रीलिपी किंवा सीडॅकच्या आयएसएममधले फाँट वापरत होतो. त्या काळी त्यांनी मराठी संगणकावर आणली, हे उपकार विसरता कामा नये. पण त्या फाँटांची गंमत अशी, की आपण 'क' लिहिला तरी संगणकाच्या मनात एखादे इंग्रजी अक्षर किंवा चिन्हच असायचे. त्या चिन्हाला मराठी अक्षराचा मुखवटा चढवलेला, एवढेच. ज्या यंत्रावर तो फाँट नाही, तिथे मुखवटा गळून पडतो आणि खालची इंग्रजी अक्षरे, चिन्हे आणि टिंबे दिसू लागतात. युनिकोडमध्ये तसे नाही. तिथे जगातल्या प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. 'क' चा क्रमांक ०९१५. तो मुरगावात तोच, मस्कतमध्ये तोच, आणि फोनवरही तोच.

एक्सपीमध्येही युनिकोड मराठी होती, पण ती मागून घ्यावी लागे. सेटिंगमध्ये जाऊन एका चौकोनात खूण करायची, मग ते मूळ सीडी मागायचे, ती सीडी कोणाच्या कपाटात आहे ते शोधायचे. त्यातला मंगल हा फाँट प्राध्यापक र. कृ. जोशी यांनी घडवला. एका मराठी माणसाने काढलेली ती अक्षरे देशभरच्या सरकारी पत्रांवर आजही दिसतात. पुढच्या आवृत्त्यांत चौकोन आणि सीडी दोन्ही गेले. २०१९ पासून तर विंडोज १० मध्ये मराठीचा ध्वन्यात्मक कळफलकही आला. रोमन अक्षरांत उच्चार लिहिला, की देवनागरी उमटते. म्हणजे नव्याने आपल्याकडून घेतले तसे दिलेही. वहिनींना हे दाखवले तेव्हा त्यांनी पहिल्यांदा "आधीचं परत घाला" म्हणायचे थांबवले आणि नातीला मराठीत पत्र लिहायला घेतले.

असा बदल आपल्याकडे पहिल्यांदाच होतो आहे असे नाही. मोडी लिपी आठवा. हात न उचलता झरझर लिहिता येणारी, दप्तरासाठीच घडलेली लिपी. छपाई आली, बाळबोध देवनागरी सोयीची ठरली आणि विसाव्या शतकाच्या मध्यानंतर मोडी शाळांतून गेली. पेडणे, डिचोली हे भाग अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगिजांकडे गेले. त्यापूर्वी तिथे सावंतवाडीकरांचा अंमल होता. त्यामुळे तिकडच्या जुन्या घरात एकाच पेटीत मोडी, पोर्तुगीज, इंग्रजी आणि देवनागरी असे चारही तऱ्हेचे कागद निघाले तर नवल वाटायला नको. घर तेच, जमीन तीच, पण पणजोबांनी काय लिहिले ते वाचायला आज जाणकार शोधत फिरावे लागते. देवनागरीकडे वळलो हे चुकले असे कोणी म्हणणार नाही. चुकले ते एवढेच, की वाचणारे घरात होते तेव्हा घरोघरी त्या कागदांची नक्कल करून ठेवली गेली नाही. एक्सपीची डागडुजी ज्या वर्षी थांबली त्याच २०१४ साली मोडीला युनिकोडमध्ये स्थान मिळाले. अक्षरांना क्रमांक मिळाले, पण वाचणारे आजोबा काही परत आले नाहीत.

हे सगळे सांगण्याचे खरे कारण आता सांगतो. आपल्या मंडळाची स्मरणिका वर्षानुवर्षे ज्या काकांनी जुळवली ते आज इथे पहिल्या रांगेत बसले आहेत. त्यांचे नाव घेतलेले त्यांना आवडणार नाही. त्यांच्या घरी एक्सपीचा एक जुना संगणक आहे, धुतलेल्या चादरीत गुंडाळलेला. तो इंटरनेटला जोडलेला नाही, चतुर्थीच्या आधी महिनाभर सुरू होतो. त्यात पेजमेकर आहे आणि मागच्या बाजूला ते छोटे कुलूप आहे. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ सालची. कंपनीने नंतर त्याचा नाद सोडला, काकांनी सोडला नाही. आम्ही तरुण मंडळी त्यांची थट्टा करत होतो. गेल्या महिन्यात काकांचा फोन आला, "डिस्क टकटक करते रे. येऊन बघ."

आम्ही गेलो. त्या यंत्रात आणि शेजारच्या सीड्यांत मिळून आपल्या पंधरा स्मरणिका होत्या. त्यातली एक फाइल आम्ही मंडळाच्या संगणकावर उघडून पाहिली तर नुसती चिन्हे. काकांच्या यंत्रावर उघडली तर समोर आले, बंदरात नोकरी लागून पहिल्यांदा मुरगावात उतरलेल्या एका सभासदाचे मनोगत. खोली मिळेपर्यंत कुठे राहिलो, पहिला गणपती कोणाच्या पडवीत बसवला. पुढच्या पानावर झुआरीच्या खत कारखान्यात आयुष्य काढलेल्या एकांवरचा श्रद्धांजली लेख. नंतर लहान मुलांनी काढलेली चित्रे. त्यातली एक मुलगी आज इथे स्वतःच्या मुलाला घेऊन आली आहे.

दोन रविवार आम्ही त्या टकटक करणाऱ्या डिस्कशेजारी बसलो. पंधरापैकी अकरा अंक निघाले. त्यांची पाने जशीच्या तशी पीडीएफ केली आणि मजकूर युनिकोडमध्ये बदलून घेतला. बदलताना रफार आणि जोडाक्षरे कुठे कुठे बिघडली, ती हाताने दुरुस्त करणे चालू आहे. चार अंक निघाले नाहीत, त्यांच्या सीड्या यंत्राने वाचल्याच नाहीत. आम्ही काकांना म्हणालो, "काका, हे यंत्र आता फार दिवस चालणार नाही." काका म्हणाले, "यंत्र जाऊ दे रे. आतली माणसं बाहेर काढ."

मंडळी, आमच्या भाषणाचा सारांश काकांनी सांगून टाकला. जुन्याकडे परत जायचे की नव्यात राहायचे हा प्रश्न नंतरचा. जुन्यात आपले असे काय आहे आणि ते बाहेर काढले की नाही, हा आधीचा.

आता नव्याकडे जाणे कधी टिकते आणि कधी टिकत नाही, याची दोन उदाहरणे. जर्मनीतल्या म्युनिक शहराच्या महापालिकेने २००३ मध्ये ठरवले, की विंडोज सोडून लिनक्स ही मुक्त यंत्रणा घ्यायची. २०१३ पर्यंत सुमारे १५ हजार संगणक बदलले. पण बाहेरून आलेल्या फायली नीट उघडत नाहीत, विभागाविभागांत ताळमेळ नाही अशा तक्रारी चालूच राहिल्या, त्यात राजकारणही आले, आणि २०१७ मध्ये महापालिकेने पुन्हा विंडोजकडे जायचा निर्णय घेतला. दुसरीकडे आपल्याच किनाऱ्यावरचे केरळ. तिथल्या सरकारी शाळांनी 'आयटी ॲट स्कूल' प्रकल्पातून लिनक्स घेतले, ते आजवर टिकले आहे. तिथे आधी शिक्षकांना शिकवले, यंत्रणेत मल्याळम बसवली, पाठ्यपुस्तके आणि परीक्षाही तिच्यावरच आणल्या. यंत्रणा दोन्हीकडे एकाच जातीची. आमच्या मते फरक पडला तो माणसाला हाताशी धरून नेण्यात आणि त्याच्या भाषेत बोलण्यात.

आता व्यवहाराचे बोलू. चार गोष्टी सांगतो.

एक. आधी प्रत, मग बदल. फोटो, मराठी फायली, पासबुकाची स्कॅन केलेली पाने, सगळे बाहेरच्या डिस्कवर उतरवा. एक प्रत घरात आणि एक दुसऱ्याच्या घरी ठेवा. जुन्या फाँटमधल्या फायली असतील तर जुने यंत्र चालू आहे तोवरच त्यांची पीडीएफ करा आणि मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या.

दोन. आपल्या यंत्राला विंडोज ११ चालते का ते तपासा. त्याला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते, किमान ४ जीबी स्मृती आणि ६४ जीबी जागा लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा. चालत असेल तर मूळ विंडोज १० वाल्यांना ते फुकट मिळते. नाही आवडले तर दहा दिवसांच्या आत सेटिंगमधल्या रिकव्हरीत जाऊन परत फिरता येते. पण ते दहा दिवस प्रामाणिकपणे द्या. पहिल्या संध्याकाळी आलेल्या रागावर निर्णय घेऊ नका. स्टार्टचे बटण मध्यभागी गेले आहे ते डावीकडे आणता येते. निम्मी नाराजी तिथेच संपते.

तीन. यंत्राला ते चालत नसेल तर लगेच नवे घ्यायला धावू नका. घरगुती वापरासाठी कंपनीने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेची डागडुजी चालू ठेवायची सोय जाहीर केली आहे. त्यासाठी मायक्रोसॉफ्टचे खाते लागते, आणि ३० डॉलर किंवा तेवढी स्थानिक रक्कम भरावी लागते. सेटिंगची प्रत त्यांच्याकडे ठेवायला तयार असाल तर पैसेही लागत नाहीत. नुसते पत्र लिहिणे, इंटरनेट आणि आरत्या एवढेच काम असेल, तर उबुंटू, मिंट किंवा आपल्या सीडॅकने तयार केलेले बॉस लिनक्स हाही मार्ग आहे. जुन्या यंत्राला तो बहुधा झेपतो. मात्र आधी पेनड्राइव्हवरून चालवून बघा आणि तुमचा प्रिंटर चालतो का ते पाहा.

चार. ज्यांना जुनेच हवे आहे त्यांनी ते खुशाल ठेवावे, पण काकांसारखे. इंटरनेटची तार काढलेली, परका पेनड्राइव्ह न लावलेला, आणि एकाच कामासाठी. त्या यंत्रावर बँकेचा व्यवहार करू नये.

मंडळाच्या संगणकाचे म्हणाल तर त्याला विंडोज ११ चालत नाही, हे आम्ही तपासले. आमची कार्यकारिणीला सूचना अशी, की त्याला वाढीव डागडुजीचे एक वर्ष घ्यावे. त्या वर्षात स्मरणिका, सभासदांची यादी आणि हिशेब युनिकोडमध्ये आणावे, दोन-तीन तरुणांनी काकांकडून पान जुळवण्याचे काम शिकावे, आणि पुढच्या चतुर्थीनंतर नवे यंत्र घ्यावे. वास्कोच्या दामोदराच्या सप्ताहात आपण सगळे जातो. तिथे चोवीस तास भजन खंडत नाही. पहिली मंडळी उठतात ती दुसऱ्यांनी सूर धरल्यावर. जुन्या यंत्राने उठायचे ते नव्याने सूर धरल्यावरच, एवढे आपण पाळले तर पुष्कळ झाले.

शेवटी एक विनंती. १९९९, २०००, २००२ आणि २००५ या चार वर्षांच्या स्मरणिका आम्हाला मिळालेल्या नाहीत. कोणाच्या कपाटात, माळ्यावर, जुन्या ट्रंकेत त्यांची छापील प्रत असेल तर चतुर्थीच्या दिवसांत मंडळाच्या टेबलावर आणून द्या. आम्ही पाने स्कॅन करून अंक जसाच्या तसा परत करू. वाळवी लागली असेल, पाने सुटली असतील तरी चालेल. आतली माणसे बाहेर काढायची आहेत.

गणपती बाप्पा मोरया!